चित्रकथेतून कथा वजा केली तर

मराठीत ‘कॉमिक्स’ला आपण चित्रकथा म्हणतो. शब्द सुटसुटीत आहे, रुळलेलाही आहे. पण त्यात एक अट दडलेली आहे. चित्रे हवीत आणि त्या चित्रांतून कथा घडायला हवी. कथाच नसेल तर ती चित्रकथा कशी, असा प्रश्न या शब्दाने आधीच निकालात काढलेला असतो. त्यामुळे गेल्या काही दशकांत ‘अमूर्त कॉमिक्स’ नावाचा जो प्रकार पुढे आला, त्याला मराठीत नाव देतानाच आपली अडचण होते. ‘अमूर्त चित्रकथा’ म्हणावे तर त्यात कथा नाही. ‘अमूर्त चित्रे’ म्हणावे तर त्यांतला क्रम हरवतो. नाव देताना होणारी ही अडचण आम्हांला महत्त्वाची वाटते. वाचन म्हणजे कथानक समजून घेणे, असे आपण किती सहजपणे गृहीत धरतो, ते या अडचणीतून उघड होते. म्हणूनच चित्रकलेच्या विद्यार्थ्यांइतकाच हा विषय साहित्याच्या विद्यार्थ्यांचा आणि शिक्षकांचाही आहे, असे आमचे मत आहे.

आधी प्रकार कोणता ते पाहू. चौकटी आहेत, चौकटींमधल्या पांढऱ्या पट्ट्या आहेत, डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली जाण्याची वाट आहे. मात्र चौकटींत माणसे नाहीत, घरे नाहीत, संवादाचे फुगे नाहीत. आहेत ते ठिपके, रेषा, डाग, छटा, भौमितिक किंवा ओघळते आकार. अशा कामांचा पहिला मोठा संग्रह आंद्रेई मोलोतिऊ या रुमानियात जन्मलेल्या, अमेरिकेत अध्यापन करणाऱ्या कला-इतिहासकाराने 2009 साली संपादित केला. फँटाग्राफिक्स या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने काढलेल्या या संग्रहाची सुरुवात रॉबर्ट क्रम्ब याच्या तीन पानांनी होते. ती पाने ‘झॅप’ या बंडखोर कॉमिक्स-मालिकेच्या 1968 मधील पहिल्या अंकात आली होती. क्रम्बचा हेतू बराचसा टवाळीचा होता. त्या काळी प्रतिष्ठा पावलेल्या अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्रकलेला त्याने कॉमिक्सच्या चौकटींत कोंबून पाहिले. पण एखाद्या प्रकाराचा आरंभ विडंबनातून व्हावा, हे साहित्याच्या अभ्यासकाला नवे नाही.

मोलोतिऊ यांची व्याख्या उदार आहे. निव्वळ अमूर्त आकारांची क्रममालिका तर त्यात येतेच. शिवाय ओळखू येणारी चित्रे असूनही ती एकत्र येऊन कथा किंवा एकसंध कथावकाश घडवत नसतील, तर तीही येतात. म्हणजे येथे ‘अमूर्त’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: वस्तूपासून मुक्त आणि कथेपासून मुक्त. चित्रकलेत अमूर्तता म्हणजे पहिला अर्थ. कॉमिक्समध्ये दुसरा अर्थ अधिक कसाचा ठरतो, कारण चौकटींची रांग दिसली की कथेची अपेक्षा आपोआप जागी होते.

या प्रकाराचे पूर्वज शोधायचे तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जावे लागते. एल लिसित्स्की या रशियन कलावंताचे दोन चौकोनांविषयीचे मुलांसाठीचे छोटे पुस्तक 1922 साली बर्लिनमध्ये छापले गेले. एक लाल चौकोन, एक काळा. ते दुरून पृथ्वीवर येतात, काळ्याच्या गोंधळातून लाल काहीतरी नवे उभारतो. आकार अमूर्त असले तरी कथा शिल्लक आहे; किंबहुना क्रांतीची कथा अगदी ठळक आहे. उलट कँडिन्स्कीच्या 1937 मधील ‘तीस’ या चित्रात काळ्या-पांढऱ्या तीस चौकोनांच्या पटावर तीस निरनिराळ्या आकृत्या आहेत. तेथे कथा नाही. परंतु कोणत्या चौकोनाकडून कोणत्या चौकोनाकडे जायचे, याचे बंधनही नाही. पहिल्यात क्रम आहे आणि त्याच्यासोबत कथाही आहे. दुसऱ्यात कथा नाही आणि क्रमही सैल आहे. अमूर्त कॉमिक्सला हवी असलेली जागा या दोहोंच्या मधली आहे. क्रम ठेवायचा आणि कथा सोडायची.

ही जागा टिकवणे सोपे नाही. लेसिंगने 1766 च्या ‘लाओकून’मध्ये चित्र ही अवकाशाची आणि काव्य ही काळाची कला, अशी वाटणी केली होती. कॉमिक्सचे पान ही वाटणी मानत नाही. ते एकाच नजरेत संपूर्ण दिसते आणि चौकट चौकट करत वाचलेही जाते. मोलोतिऊ यांनी या दोन अंगांना दोन संज्ञा दिल्या आहेत. डोळ्याला पुढच्या चौकटीकडे ओढणारी जी शक्ती असते, तिला ते क्रमगत गतिमानता म्हणतात. आणि पूर्व-ख्रिस्ती चर्चमधल्या मूर्तिचित्रांच्या भिंतीप्रमाणे सगळे पान एकसंध रचना म्हणून समोर उभे राहते, त्या गुणाला त्या भिंतीचेच नाव देतात. विशेष म्हणजे या दोन्ही गोष्टी त्यांनी स्टीव्ह डिटको याने काढलेल्या ‘स्पायडरमॅन’मध्येही दाखवून दिल्या. म्हणजे अमूर्त कॉमिक्समध्ये जे उघडे पडते, ते लोकप्रिय चित्रकथेतही पूर्वीपासून काम करतच होते. कथेने ते झाकले होते इतकेच.

आता वाचकाकडे वळू. समजा, एका पानावर सहा चौकटी आहेत. पहिलीत डाव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका. दुसरीत तो मध्यावर. तिसरीत उजव्या कडेला टेकलेला. चौथी चौकट पूर्ण कोरी. पाचवीत ठिपका पुन्हा डाव्या कोपऱ्यात, पण आकाराने निम्मा. सहावीत चौकटीची उजवी रेषाच तुटलेली आहे आणि ठिपका कोठेही नाही. हे पान वर्गात दाखवले तर बहुतेक जण म्हणतील, ‘तो निसटला.’ कोण निसटला? ठिपका हा ‘तो’ केव्हा झाला? आणि तिसऱ्या व पाचव्या चौकटींतले ठिपके एकच आहेत, हे आपल्याला कोणी सांगितले?

या प्रश्नाला मानसशास्त्रात एक जुना आधार आहे. फ्रिट्झ हायडर आणि मारियन झिमेल यांनी 1944 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना एक छोटा चित्रपट दाखवला. त्यात दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि उघडमीट होणारा एक आयत, एवढेच होते. काय दिसले ते लिहा, असे सांगितल्यावर 34 पैकी केवळ एका व्यक्तीने भौमितिक वर्णन केले. बाकीच्यांनी त्या आकारांना सजीव मानले. भांडण, पाठलाग, भीती पाहिली. स्कॉट मॅक्लाउडनेही 1993 च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये चौकटी-चौकटींमधील संक्रमणांचे सहा प्रकार सांगताना, ज्यात दोन चौकटींत कसलाच तार्किक संबंध नाही असा सहावा प्रकार मांडला, आणि लगेच हेही नोंदवले की वाचकाचे मन तेथेही काही ना काही संबंध जोडतेच.

म्हणजे कथा दाराबाहेर काढली तरी ती खिडकीतून परत येते, आणि खिडकी उघडणारे आपणच असतो. अमूर्त कॉमिक्सवर ‘यातही शेवटी गोष्टच दिसते’ असा आक्षेप घेतला जातो, तेव्हा आम्हांला तो आक्षेप मान्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. कादंबरी वाचताना लेखकाने दिलेले किती आणि आपण घातलेले किती, हे वेगळे करता येत नाही. सहा चौकटींच्या त्या पानावर ते जवळजवळ मोजता येते. लेखकाने दिले: ठिपका, जागा, आकारातला फरक, कोरी चौकट, तुटलेली रेषा. आपण घातले: इच्छा, अडथळा, थकवा, सुटका. वाचनव्यापार उघडा करून दाखवणारे इतके स्वस्त आणि नेमके साधन साहित्याच्या वर्गाला क्वचितच मिळते.

येथे या प्रकाराच्या समर्थकांशी आमचा मतभेद सुरू होतो. अमूर्त कॉमिक्सची तरफदारी बहुधा ‘ज्याला जे दिसेल ते खरे’ या वाक्याने केली जाते. हे वाक्य उदार वाटते, पण ते कलाकृतीवर अन्याय करते. प्रत्येक अर्थ सारखाच योग्य असेल, तर कृती कोणतीही चालेल. मग काढण्याचे श्रम कशाला? वरच्या उदाहरणात ‘तो निसटला’ हे वाचन, ‘तो वाढत गेला’ या वाचनापेक्षा अधिक समर्थनीय आहे, कारण पानावर त्याचा पुरावा आहे. कोणी म्हणेल की पाचव्या चौकटीतला ठिपका वेगळाच आहे आणि हे पान वारशाविषयी आहे. तेही विचारात घ्यावे लागेल, कारण आकारातला फरक त्याला आधार देतो. अर्थ अनेक असू शकतात. पण ते सगळे पानापुढे उत्तरदायी असतात. कवितेविषयी आपण हे मान्य करतो. ठिपक्यांना वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही.

यासाठी एक साधी कसोटी आम्ही सुचवतो. कोणत्याही दोन चौकटींची अदलाबदल करून पाहावी. अदलाबदलीने काहीच बिघडले नाही, तर तेथे क्रम नाही, फक्त मांडणी आहे. मांडणी सुंदर असू शकते. मोलोतिऊ यांची भिंतीची संज्ञा तिला लागू पडेल. पण मग ते पान चित्र म्हणून तोलावे, कॉमिक्स म्हणून नव्हे. आज अमूर्त कॉमिक्स म्हणून जे काढले जाते त्यातले बरेचसे या कसोटीवर उतरणार नाही, हे स्पष्टपणे म्हणायला हवे. चौकटी आखून त्यांत शाई सांडली की प्रयोग झाला, हा समज प्रयोगाला मारक आहे.

मराठी वाचकाला या टप्प्यावर बा. सी. मर्ढेकरांची आठवण होणे साहजिक आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये (1955) त्यांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल ही तीन तत्त्वे मांडली. आपल्याकडे ती अनेकदा परीक्षेच्या उत्तरापुरती पाठ होतात, कारण कथा-कवितेत ती नेमकी कोठे बोट ठेवून दाखवायची, हे शिक्षकालाही सहजी जमत नाही. साहित्याचे माध्यम भावनात्मक अर्थ आहे असे मर्ढेकर मानतात, आणि अर्थांचा समतोल डोळ्यांना दिसत नाही. अमूर्त कॉमिक्सच्या पानावर मात्र ती तत्त्वे बोटाने दाखवता येतात. हा आकार त्या आकाराशी संवादी, ही रेषा त्या रेषेच्या विरोधात, आणि ही कोरी चौकट दोहोंचा तोल सांभाळणारी.

परंतु याच पानावर मर्ढेकरी भूमिकेची मर्यादाही दिसते. एक म्हणजे क्रमाचा प्रश्न. चौथी चौकट कोरी असण्याला अर्थ येतो तो पहिल्या तीन चौकटींनी अपेक्षा निर्माण केल्यामुळे. तीच कोरी चौकट पहिली असती तर तिच्याकडे कोणाचे लक्षही गेले नसते. अपेक्षा आणि तिचा भंग यांचा हिशोब केवळ समतोलाने होत नाही. दुसरे अधिक मूलभूत आहे. ठिपका कडेला ‘टेकला’, रेषा ‘तुटली’, आकार ‘दबला’ असे आपण म्हणतो, तेव्हा ती क्रियापदे आपण आपल्या देहाच्या अनुभवातून आणतो. पडणे, अडकणे, कोंडले जाणे, मोकळे होणे, हे सारे जगण्यातले आहे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (1974) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांमधला ताण दाखवून दिला. अलौकिकतावादाला सर्वांत अनुकूल असे उदाहरण शोधायचे तर ते अमूर्त कॉमिक्सचे असेल, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात येथेही लौकिक जीवन आकाराच्या पोटातून आत येते. रूप जीवनापासून अलग काढता येत नाही, हे रूपाशिवाय दुसरे काहीही नसलेल्या पानावर सिद्ध व्हावे, हा या प्रकारापासून मिळणारा सर्वांत मोठा धडा आहे.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. चित्रकथेला सामाजिक वास्तव मांडण्याची ताकद मिळाली ती मोठ्या झगड्याने. ज्या समाजात असंख्य जीवनकहाण्या अजून सांगितल्याच गेल्या नाहीत, तेथे कथा वजा करण्याचा प्रयोग हा पोटभरल्यांचा खेळ नव्हे काय? हा प्रश्न टाळता येणार नाही. आमचे उत्तर एका अशा पुस्तकातून येते, ज्याला कोणी अमूर्त म्हणणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनातील जातिभेदाच्या अनुभवांवरील ‘भीमायन’ हे चित्रमय पुस्तक ‘नवयान’ने 2011 साली प्रसिद्ध केले. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. या चित्रकारांनी आपल्या पात्रांना चौकोनी खोक्यांत बसवायचे नाकारले. कॉमिक्सच्या सरळ चौकटींऐवजी त्यांनी गोंड घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढल्या जाणाऱ्या ‘दिग्ना’ या नक्षीने पान विभागले. ती नक्षी वळते, वाहते, मोकळी राहते. संवादाच्या फुग्यांचेही तेच. सौम्य बोलणाऱ्यांचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे, विखारी बोलणाऱ्यांचे विंचवाच्या नांगीचे.

आता विचार करावा. पाण्यापासून, निवाऱ्यापासून, प्रवासातल्या माणुसकीपासून वंचित ठेवल्या गेलेल्या माणसाची कहाणी खोक्यांत बंद न करता वाहत्या रेषेत मांडणे, हा निर्णय कोणत्या घटनेत येतो? कोणत्याच घटनेत नाही. सारांशात तो सापडणार नाही. तो सर्वस्वी अमूर्त निर्णय आहे, आणि तरीही पुस्तकाची नैतिक भूमिका त्यात पूर्णपणे उतरलेली आहे. चौकट म्हणजे निव्वळ सोय नव्हे, हे ज्याला वाचता येत नाही, त्याला ‘भीमायन’ निम्मेच वाचता येते. ठिपके आणि रेषा वाचायला शिकणे म्हणजे सामाजिक वास्तवाकडे पाठ फिरवणे आहे, हे म्हणूनच आम्हांला पटत नाही. रूपाची निरक्षरता शेवटी आशयाचेच नुकसान करते.

आणखी एका समजाचा निरास करायला हवा. अमूर्त कॉमिक्सला भाषा नाही, म्हणून ते जगात कोठेही सारखेच कळते, असे म्हणतात. त्या 2009 च्या संग्रहात अमेरिकी कलावंतांबरोबर फ्रान्सचा लुई त्राँदेम आणि जिनिव्हाचा इब्न अल राबिन हे आहेत, आणि त्यांची पाने अनुवादाविना वाचता येतात, हे खरे. पण पानाला दिशा आहे. आपण वर वर्णन केलेले पान उर्दू किंवा अरबी वाचणाऱ्याने उजवीकडून डावीकडे वाचले, तर ठिपका आधी उजव्या कडेला टेकलेला दिसेल आणि मग मागे हटेल. जपानी मांगा-वाचकाचेही तसेच. शब्द गेले तरी लिपी पूर्णपणे गेलेली नसते. तिची चाल पानात राहते. यात आम्हांला निराशेपेक्षा शक्यता दिसते. देवनागरीत वाढलेल्या डोळ्याला शिरोरेषेची सवय आहे. अक्षरे वरून टांगलेली असतात, तळाला उभी नसतात. या सवयीतून येणारे मराठी अमूर्त कॉमिक्स कसे दिसेल? र. कृ. जोशी यांनी अक्षराकृतींतून मराठीत दृश्यकविता घडवली, ती याच प्रश्नाच्या शेजारची. प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ (1990) वाचले तर वस्तू, आकार आणि रिकामा अवकाश यांच्याविषयी मराठीत किती नेमके लिहिता येते, हे कळते. भाषा आहे, दृष्टी आहे; प्रयोग तेवढे हवेत.

ते कोठे व्हावेत? आमच्या मते साहित्याच्या वर्गात. एक कोरा कागद, सहा चौकटी, काळे पेन, आणि एक बंधन: एकाच आकाराने सुरुवात करायची आणि प्रत्येक चौकटीत फक्त एकच गोष्ट बदलायची. चित्रकला येण्याची गरज नाही. ठिपका सर्वांना काढता येतो. मग कागद शेजाऱ्याला द्यायचा. शेजाऱ्याने लिहायचे: पानावर काय आहे, आणि मी काय घातले. दोन स्वतंत्र रकाने. शेवटी दोन चौकटींची अदलाबदल करून पुन्हा वाचायचे. ‘क्रम’, ‘लय’, ‘अपेक्षाभंग’, ‘मौन’ या संज्ञा एका तासिकेत जितक्या कळतील, तितक्या त्या टिपणे उतरवून कळणार नाहीत. आणि या पानाचा सारांश लिहिता येत नाही. मार्गदर्शके आणि तयार उत्तरे यांनी आपल्या वाचनाची जी अवस्था केली आहे, ती पाहता हा गुण लहान नाही.

प्रसाराविषयीही एक सांगायचे आहे. साठच्या दशकातल्या मराठी लघुनियतकालिकांनी चक्रमुद्रित अंकांतून, मोजक्या प्रतींतून, हातोहात फिरून आपली वाङ्मयीन अभिरुची हलवली. अमूर्त कॉमिक्सही मूलतः छापून वाटण्याची कला आहे. चित्र भिंतीवर एकटे असते. कॉमिक्सच्या पानाची मात्र प्रत निघते, ते हातात येते, दुसऱ्याला देता येते. एक कागद दोनदा दुमडला आणि कडा कापल्या की आठ पानांची पुस्तिका होते, झेरॉक्सच्या खर्चात. मात्र नुसते वाटून भागणार नाही. लघुनियतकालिकांत कवितेइतकीच भांडणेही छापली जात, म्हणून त्या कविता टिकल्या. ज्या पुस्तिकेत पाने आहेत, तिच्यात त्या पानांची वाचनेही हवीत. पटणारी आणि खोडून काढणारी, दोन्ही. ‘छान’ आणि ‘कळले नाही’ या दोनच प्रतिक्रियांवर कोणताही कलाप्रकार वाढत नाही.

नावाचा प्रश्न उरलाच. ‘चित्रकथा’ या शब्दाला आम्ही पर्याय सुचवत नाही. नावे अभ्यासातून येतात, आधी ठरवून नव्हे. पण पुढच्या वेळी ‘यात गोष्ट काय आहे?’ असा प्रश्न कोणी विचारला, तर त्याच्या आधी आणखी एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी: हे याच क्रमाने का आहे? कथा असो वा नसो, वाचनाची सुरुवात तेथून होते.